सावलीसाठी टोबॅगो

टोरंटोत जानेवारीच्या सावलीला कुणी विचारत नाही. हिवाळ्याच्या ऐन मध्यात, भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २३ अंश वर येतो. माणसाची सावली त्याच्या दुपटीहून लांब पडते. समोरच्या इमारतीची तर रस्ता ओलांडून आपल्या फुटपाथवर चढते आणि तेवढ्या पट्ट्यात गारठा आणखी चावतो. उन्हाचा तुकडा दिसला की लोक पलीकडे जातात. मीही जाते.

म्हणून आम्ही टोबॅगोला गेलो. विषुववृत्ताच्या उत्तरेला ११ अंशांवरचं कॅरिबियन बेट, म्हणजे आपल्या केरळच्या रेषेत. पिजन पॉइंटच्या पांढऱ्या वाळूवर कॅनडा आणि इंग्लंडहून आलेली मंडळी तेल चोपडून पालथी पडलेली. आमच्या दोघांचे पाय मात्र काही न ठरवता बदामाच्या झाडाखाली वळले. आपला देशी बदामच तो, मूळचा आशियातला, आता तिथल्या किनाऱ्यांवर घरचा झालेला. फांद्या मजल्यांसारख्या आडव्या पसरलेल्या, पानगळीआधीची लालभडक पानं वाळूवर पडलेली. बदल्यात तिकडूनही काही आलंय: मुंबईच्या रस्त्यांवर गाड्यांना सावली देणारे पर्जन्यवृक्ष मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. म्हणजे फिटंफाट.

आईला जळगावला व्हिडिओ कॉल केला. "एवढे पैसे घालून ऊन बघायला गेलीस? मे महिन्यात इकडे ये, फुकट देते." पंचेचाळीस डिग्रीच्या गावात जन्म काढलेल्या बाईला काय सांगणार? तरी सांगितलं, की आम्ही उन्हात बसलेलोच नाही. "मग तिकडे कशाला गेलात?" याचं उत्तर मला त्या झाडाखालीच मिळालं होतं. सावलीची मजा यायची तर आधी बाहेर रणरणतं ऊन हवं. बर्फात ती चैन नाही.

अर्थात दिसेल त्या झाडाखाली बसू नये. तिथल्या किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं एक झाड असतं, हिरव्या चिमुकल्या सफरचंदासारख्या फळांचं. पाऊस आला म्हणून त्याच्या आडोशाला गेलात, तर पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यात त्याचा चीक उतरतो आणि अंगावर फोड येतात. १९९९ साली इंग्लंडहून आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी टोबॅगोतच ते फळ चाखलं. आधी गोड लागलं, मग घसा असा आवळला की घास गिळणं कठीण. पुढे त्यांनी हा अनुभव ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिला. डॉक्टर मंडळी काही वाया जाऊ देत नाहीत.

डोंगराकडे मात्र सावलीचा कारभार रीतसर. कोकोच्या कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही, म्हणून जुन्या मळ्यांतून त्याच्या डोक्यावर पांगाऱ्याच्या जातीची उंच झाडं लावलेली. तीही आपल्या पांगाऱ्यासारखीच कोरड्या दिवसांत पानं टाकून केशरी फुलतात. त्याहून वर मेन रिजचं जंगल. ते १७७६ साली कायद्यानं राखून ठेवलं, कारण झाडं गेली तर पाऊस जाईल आणि पाऊस गेला तर ऊस, हा हिशेब तेव्हाच्या काही शहाण्यांना कळला होता. मळेवाल्यांना तो पटवायला वर्षं लागली म्हणे. उसाच्या फडात गुलाम राबत होते. त्यांच्या डोक्यावर सावली हवी, हे मात्र कुणाच्या हिशेबात नव्हतं.

संध्याकाळी स्टोअर बे या किनाऱ्यावर खेकड्याची करी आणि डंपलिंग. खेकडा हातानंच खायचा, त्यामुळे आम्ही तयारीचे ठरलो.

बदामाखालच्या आमच्या बैठकीकडे शेजारचे एक कॅनेडियन आजोबा रोज काळजीनं बघत. शेवटी विचारलंच, "तब्येत बरी नाही का?" यांनी हसून सांगितलं, आमचा उन्हाचा कोटा लहानपणीच पूर्ण झालाय. पुढच्या दुपारी आजोबा खांद्यांपासून टाचांपर्यंत लाल होऊन, टॉवेल हातात घेऊन आमच्यापुढे उभे. यांनी चपला उचलून जागा करून दिली आणि वर सल्लाही दिला: "या बाजूला बसा, तिकडून चारनंतर ऊन येतं."