डावी बाजू

‘दुधाच्या नळ्या कापायची वेळ आली, तर तिथेच थांबायचं, डॉक्टर.’ संमतिपत्रावर सही करण्याआधी तिने हे वाक्य माझ्याकडून हाताने लिहून घेतलं. वय सत्तावीस. दोन्ही स्तनाग्रं वयात आल्यापासून आत वळलेली. मी प्रत्येकीला पहिला प्रश्न हाच विचारते, की कधीपासून? मोठेपणी एकच बाजू नव्याने आत ओढली जात असेल, तर ऑपरेशनचं नावही काढायचं नाही. आधी सोनोग्राफी, मॅमोग्राफी. मागे गाठ असू शकते.

तिचं तसं नव्हतं. उजवं चिमटीत धरलं की बाहेर यायचं, पण सोडलं की थोड्या वेळाने परत बुडायचं. डावं जेमतेम हलायचं. उजवीकडे नळ्या वाचतील, डावीकडची खात्री नाही, असं मी तिला स्पष्ट सांगितलं होतं. नळ्या कापल्या तर स्तनाग्र चांगलं उभं राहतं, पण त्या बाजूने पुढे बाळाला पाजता येईलच असं नाही.

फक्त जागेवर भूल दिली होती, ती पूर्ण जागी होती. उजवी बाजू भराभर झाली. बुडाशी बारीकसा छेद, स्तनाग्र दोऱ्याने वर धरलेलं, आणि कात्रीची टोकं नळ्यांना समांतर उघडत आवळलेले तंतू सैल करत जायचं. मग बटव्याच्या नाडीसारखा बुडाभोवती टाका, म्हणजे ते परत आत पडत नाही.

डावीकडे तंतू सुटले, तरी दोरा सैल केला की स्तनाग्र आत जायचं. आता अडवत होत्या त्या नळ्याच, मुळात आखूड. दोनदा कात्री चालवली असती तर दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या असत्या, आणि खरं सांगते, हात शिवशिवत होता. सर्जनला अर्धवट काम बघवत नाही. ती निजल्या निजल्या म्हणाली, ‘गप्प का झालात?’ जे दिसत होतं ते सगळं सांगितलं, डावं पुन्हा आत जाईल हेही. ती म्हणाली, ‘मग थांबा.’ मी टाका घातला आणि थांबले.

दोन्हीकडे वाटीसारखं कवच ठेवून पट्टी केली, दाब पडू नये म्हणून. पालथं झोपायचं नाही, घट्ट ब्रा नाही. टोक काळंनिळं दिसलं तर रात्री-अपरात्रीही फोन करायचा, कारण टाका जास्त आवळला गेला तर रक्तपुरवठा तुटतो. त्या रात्री फोन मीच केला. रंग गुलाबी होता. दुखणं दोन-तीन दिवस, साध्या गोळीवर भागलं.

तीन महिन्यांनी आली तेव्हा उजवं छान टिकलं होतं, डावं निम्मं परत गेलेलं. मला फार वाईट वाटलं. मुलं झाल्यावर नळ्या कापून ते पुन्हा करता येईल, असं मी सांगायला लागले, तर तिने मला थांबवलं. डावं चिमटीत धरून बाहेर काढून दाखवलं. बराच वेळ ते तसंच राहिलं.

‘आधी आत ओल राहून सारखं चिघळायचं,’ ती म्हणाली. ‘आता बाहेर काढून कोरडं करता येतं.’