चुन्याच्या भिंतीत सिमेंटच्या दरजा

घरमालक बाईंनी भिंतीखाली पडलेला विटांचा भुगा झाडून बादलीत भरून ठेवला होता. "तुम्हाला बघायला लागेल म्हणून टाकला नाही," म्हणाल्या. मी एक कपची उचलली. एका बाजूनं गुळगुळीत, लालभडक. दुसऱ्या बाजूला बोट लावलं तर पीठ. विटेची भाजलेली कातडीच सुटून आली होती.

गॅलिना हे इलिनॉयच्या वायव्य कोपऱ्यातलं गाव. शिशाच्या खनिजावरून त्याला हे नाव पडलं, आणि शिशाच्या पैशातूनच टेकडीच्या उतारावर लाल विटांची घरं उभी राहिली. पुढे खाणी मंदावल्या, नदी गाळानं भरली, व्यापार गेला. पाडून नवं बांधायला पैसा उरला नाही म्हणून जुनं टिकलं. आज वस्ती जेमतेम ३,३०० आहे. अमेरिकी यादवी युद्धातला सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या युलिसिस ग्रँटला १८६५ मध्ये गावानं दिलेलं घर बघायला लोक लांबून येतात.

ही घरं चुन्यावर उभी आहेत. अमेरिकेत पोर्टलंड सिमेंट तयार व्हायला लागलं तेच १८७० नंतर. चुना विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, त्यामुळे भिंतीत मुरलेलं पाणी दरजांतून, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्यांतून, निघून जातं. झिजते ती दरज. काही दशकांनी ती खरवडून पुन्हा भरली की वीट शाबूत राहते. या घराच्या दरजा सात वर्षांपूर्वी कुणा कंत्राटदारानं सिमेंटनं भरल्या होत्या. काम दिसायला देखणं, रेघ सरळ. पण आता पाण्याला वाट उरली ती विटेतूनच. हिवाळ्यात ते गोठतं, ९ टक्के फुगतं आणि विटेचं तोंड उडवतं. खालच्या पाच थरांना लोणा लागलेला. वाईला आजोळच्या वाड्यात हाच पांढरा फुलोरा बघत मी लहानाची मोठी झाले.

लोकांचा पक्का समज असतो की नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या सरकारी यादीत, नोंद झाली म्हणजे घर जपलं गेलं. मालक स्वतःच्या पैशानं काय भरतो, हे ती नोंद अडवत नाही. नॅशनल पार्क सर्व्हिसची दरजांवरची पुस्तिका फुकट मिळते. ती न वाचता जुन्या घराला हात लावणाऱ्यांचा मला फार राग येतो.

सिमेंट काढून बघितलं. छिन्नीनं सहा दरजा मोकळ्या केल्या, त्यात चार विटांच्या कडा गेल्या. कापायची विजेची चक्री तर नकोच. उभी दरज विटेच्या उंचीएवढी, सव्वादोन इंचांची. गोल पातं तिथे टेकवलं की वरची-खालची वीट कापली जातेच.

"मी काहीच केलं नसतं तर?" बाईंनी विचारलं.

"बरं झालं असतं," मी म्हणाले. खरं तेच होतं. पण घरावर इतका जीव असलेल्या माणसाला ते तसंच्या तसं सांगायला हवं होतं का, हे अजून डोक्यातून जात नाही.

खालचे पाच थर मे महिन्यात हातानं मोकळे करून चुन्यानं भरायचे, एवढं ठरलं. वरची भिंत? तिथलं सिमेंट काढलं तर कडा जातील, ठेवलं तर थंडी तोंडं उडवेल. या हिवाळ्यात तिथून किती पडतं ते कळल्याशिवाय मी छिन्नी लावणार नाही. बादली रिकामी केली, तिच्यावर खडूनं तारीख घातली आणि वरच्या भिंतीखाली ताडपत्री अंथरली. "दर रविवारी गोळा करा," बाईंना सांगितलं. "मार्चमध्ये वजन करू."