नसलेला धागा

पायाचे हाड मोडून दाखल झालेला पैठणचा एक विणकर तिसऱ्या रात्री ‘बिघडला’, म्हणून वॉर्डातून मला बोलावणे आले. अंग घामाने डबडबलेले, नाडी १३०, हातांना कापरे; चादरीच्या चुण्यांना साप समजून तो त्या झटकत होता. मेहुणा मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाहेरचं हाय सायेब. सकाळी गाडी करून घेऊन जातो.”

केसपेपरवर ‘व्यसन : नाही’ अशी नोंद होती आणि अक्षर माझेच होते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत, चार नातेवाइकांच्या देखत विचारलेल्या प्रश्नाला वेगळे उत्तर येणार तरी कसे? बायकोला जिन्यापाशी नेऊन विचारले, तेव्हा ती खाली बघत म्हणाली, “धा वर्सं झाली. रोजच.”

दारू मेंदूवरचा ब्रेक दाबून धरते. वर्षानुवर्षे असे चालले की मेंदू स्वतःचा ब्रेक ढिला करतो आणि वेग वाढवून तोल सांभाळतो. मग दारू एकाएकी बंद झाली की वेग तेवढा उरतो. साधारणपणे ४८ ते ९६ तासांत हा उद्रेक होतो. थॉमस सटन या इंग्रज वैद्याने १८१३ मध्ये त्याला ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ हे नाव दिले. उपचार न झाल्यास त्यात माणूस दगावू शकतो.

थायमिनचे, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचे, इंजेक्शन देऊन ग्लुकोज त्यानंतरच लावले, मेंदू शांत करणारे लोराझेपाम सुरू केले. अंधारात भास वाढतात, म्हणून दिवाही चालू ठेवला. औषधाचा असर होईपर्यंत मी खाटेजवळ थांबलो. साप विसरून तो आता हवेत काहीतरी करू लागला होता : डावा अंगठा बोटांवरून सरकवत मोजणे, उजव्या हाताने काहीतरी आरपार ओवून ओढणे, आणि मध्येच प्लास्टरमधली टाच खाटेच्या दांडीवर आपटणे. भान हरपलेला रुग्ण आपल्या धंद्याच्याच हालचाली करतो, हे पुस्तकात वाचले होते. पण त्या वाचता येतात, हे बायकोने दाखवले. त्याच्यासाठी रेशमाच्या कांड्या भरणारी ती बाई क्षणभर बघून म्हणाली, “पदरावर हायेत. मोराची मान चाललीया.” दिवस, गाव, दवाखाना यांपैकी काहीही त्याला सांगता येत नव्हते, ताण्याच्या उभ्या धाग्यांची मोजणी मात्र चुकत नव्हती.

अशा रुग्णाची एक जुनी परीक्षा आहे. दोन्ही हातांच्या चिमटी वीतभर अंतरावर धरून मी विचारले, “मामा, हा धागा कोणत्या रंगाचा?” मध्ये काहीच नव्हते. त्याने त्या पोकळीखालून हलकेच बोट फिरवले, डोळे बारीक केले आणि म्हणाला, “जर हाय. पर कच्ची हाय, ताणू नका.”

मला शंकराचार्यांच्या दृष्टान्तातला रज्जुसर्प, म्हणजे अंधुक उजेडात दोरीच्या जागी दिसणारा साप, आठवला. चादरीचे साप त्या जातीचे होते. पण त्या सापाला निदान दोरी तरी लागते. इथे दोरीच्या जागी माझा प्रश्न होता आणि उरलेला धागा एका जन्मभराच्या सवयीने पुरवला होता. (खरे सांगायचे तर, “ताणू नका” म्हटल्यावर मी चिमटी किंचित जवळ आणल्या.)

सहाव्या दिवशी तो शुद्धीवर होता, हात स्थिर होते. केसपेपरवरची नोंद खोडून मी तारखेसह सही केली. साप त्याला पुसटसे आठवत होते, आणि ते भास होते हे त्याने लाजत मान्यही केले. मी निघालो, तेव्हा त्याने हाक मारली.

“डाक्टर, ती जर तुमी कुठनं आनली व्हती?”