रिकामी अक्षरं

"ताई, सोनं कसलं? अ‍ॅल्युमिनियम हाय ते!"

शाहूपुरीतल्या छापखान्यात धाकट्या बहिणीच्या पत्रिका आणायला गेले होते. कार्डांवर सोनेरी अक्षरं उठवायचं फॉइलचं काम अजून चालूच होतं. मशीनवरच्या काकांनी रोलचा तुकडा फाडून हातात दिला. पॉलिएस्टरची पातळ फिल्म, तिच्यावर पिवळसर लॅकर (वार्निशसारखा लेप), मग अ‍ॅल्युमिनियमचा अगदी विरळ थर आणि शेवटी तापल्यावरच चिकटणारा गोंद. शाई कुठेच नाही.

पितळेचा ठसा १०० अंशांच्या वर तापतो आणि फॉइलसकट कागदावर दाबला जातो, क्षणभरच. ठसा टेकेल तेवढाच सोनेरी थर फिल्म सोडून कागदाला धरतो. उष्णता कमी पडली की अक्षर तुटकं उठतं, म्हणून काका मधूनमधून एखाद्या कार्डावर अंगठा फिरवून बघत होते. शेजारी मिठाईच्या खोक्यांची झाकणं आणि पीएचडीच्या प्रबंधांची कव्हरं रांगेत होती.

माझी नजर मात्र वापरलेल्या फॉइलवर अडकली. मशीनमधून बाहेर येणाऱ्या पट्टीवर अक्षरांच्या जागा पारदर्शक झाल्या होत्या. 'कै.' आणि पुढे आमच्या बाबांचं नाव. उजेडाला धरलं की आरपार दिसत होतं. पुन्हा पुन्हा, चार बोटांच्या अंतरावर.

"ह्याचं काय करता?"

"टाकतो की. परत वापरता येत न्हाई."

हातभर पट्टी मागून घेतली. घरी आल्यावर आईला दाखवली. ती कितीतरी वेळ खिडकीशी धरून उभी होती.

तुमच्या घरात अशी जपलेली एखादी पत्रिका आहे का?