रुसव्याचा फोटो कसा काढायचा?

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना चेहऱ्यावरच्या भावना ओळखायला शिकवण्यासाठी केंब्रिज विद्यापीठाच्या ऑटिझम रिसर्च सेंटरने केलेल्या ‘द ट्रान्सपोर्टर्स’ या कार्यक्रमात पंधरा भावना आहेत. आनंद, राग, भीती यांपासून मत्सर, अभिमान, शरमेपर्यंत. रुसवा मात्र नाही. इंग्रजीतलं ‘सल्क’ म्हणजे आपला रुसवा नव्हे. आपण रुसतो ते कुणीतरी समजूत काढावी म्हणून, आणि मराठी घरातल्या चार वर्षांच्या मुलाच्या वाट्याला ही भावना रोज येते. इंग्लंडमध्ये वाढणाऱ्या स्वमग्न मराठी मुलांसाठी म्हणूनच तयार कार्यक्रमाच्या जोडीला घरचा अल्बम लागतो. त्याचे फोटो गावाकडूनच यायला हवेत.

आधी इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या या कामाचं मनापासून कौतुक. ट्राम, केबल कार, साखळीवर चालणारी फेरी बोट अशा आठ वाहनांवर खऱ्या माणसांचे चेहरे बसवले आहेत. निवेदन स्टीफन फ्रायचं. वाहनं रुळांवरून, दोरांवरून ठरलेल्या वाटेनेच जातात. असं नेमकं, आधी कळणारं चलनवलन अनेक स्वमग्न मुलांना मनापासून आवडतं. चाकांकडे बघता बघता नजर चेहऱ्यावर जाते. मुलाची आवड मोडून काढायची नाही, तिच्यातच शिकवण पेरायची, हे मला फार मोठं वाटतं. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार ते सात वर्षांच्या मुलांनी चार आठवडे रोज किमान तीन भाग पाहिले, आणि न पाहिलेल्या चेहऱ्यांवरच्या भावनाही त्यांना आधीपेक्षा चांगल्या ओळखता आल्या. ती मुलं चांगलं बोलणारी होती. ऑस्ट्रेलियात बौद्धिक क्षमता कमी असलेल्या मुलांवर हेच करून पाहिलं, तेव्हा फायदा फारच मर्यादित दिसला. म्हणून ‘ॲप आणलंय, आता शिकेल’ हे वाक्य ऐकलं की जीव तुटतो.

बिघडतं कुठे, ते सांगते. टॅब्लेटवर भावनेचा बरोबर फोटो निवडायच्या खेळात चुकलं की ‘टॉइंग’ असा आवाज आणि बरोबर आलं की साधी टाळी असेल, तर मूल मुद्दाम चुकतं, कारण टॉइंग जास्त मजेशीर असतो. तो बंद करा, चुकल्यावर शांतता असू द्या. बरोबर उत्तर सतत डावीकडे असेल तर मूल डावी बाजू शिकतं. ‘राग’ म्हणून एकच फोटो असेल तर ते चेहरा वाचत नाही, लाल साडी किंवा चष्मा लक्षात ठेवतं. मग बाबा खरोखर रागावले की त्याला काहीच कळत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘टॅब्लेटवर तर सगळं बरोबर करतो!’

तर फोटो असे काढा. एका भावनेचे किमान सहा, निदान तीन माणसांचे. मागे कोरी भिंत, खिडकीचा उजेड समोरून, कपाळापासून गळ्यापर्यंतच चौकट. निम्म्या फोटोंत चष्मा, निम्म्यांत नको. नाटकातल्यासारखे डोळे वटारू नका. थोडासा राग आणि जास्त राग, दोन्ही हवेत. इथे आम्ही ते पॉवरपॉइंटमध्ये घालतो, दोनच भावनांपासून सुरुवात करतो आणि दर वेळी जागा बदलतो. बैठक दहा मिनिटांची, शेजारी मोठं माणूस हवंच. ‘माझी पाळी, तुझी पाळी’ असं कार्ड हातात असतं. बंद करण्याआधी ‘अजून दोन, मग संपलं’ हे चित्रातून दाखवायचं, नाहीतर शेवटी आकांत होतो. त्याच दिवशी घरात तीच भावना खरी दिसली की तिथल्या तिथे नाव घ्यायचं: ‘बघ, ताई दमली.’

‘डोळ्यांत बघ’ असा आग्रह मात्र धरू नका. अनेक स्वमग्न माणसं सांगतात की त्याचा त्रास होतो. आपल्याकडे तर मोठ्यांच्या नजरेला नजर न भिडवणं हा मानच. ‘थँक यू’चंही तसंच. आपल्या घरात पाणी दिलं म्हणून आईचे आभार कोण मानतं? शाळेत ते शिकावं लागतंच, पण घरी ‘थँक यू’ म्हटलं नाही म्हणून मूल मागे पडलं असं होत नाही.

इथे चित्रांची कार्डं, सॉफ्टवेअर, शाळेतली मदत, सगळं शिस्तीत आहे. आपल्याकडे वाड्यात, सोसायटीत काका-मावश्यांचे वीस चेहरे दिवसभर समोर असतात. शिकलेलं सरावाला लावायला त्याहून चांगली जागा नाही, हे मी इथे छातीठोकपणे सांगते. फक्त त्या वीस जणांनी एकदम बोलू नये आणि उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजून थांबावं.

राहिला रुसवा. तो फोटोत मावत नाही, कारण रुसलेला चेहरा स्थिर नसतो. दहा सेकंदांचा व्हिडिओ लागेल: आजी मान फिरवते, ओठ मिटते, मग हळूच डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते, कुणी येतंय का. मोबाइल आडवा धरा, आवाज चालू ठेवा. आणि दुसऱ्या व्हिडिओत कुणालातरी तिच्याजवळ जाऊन बसू द्या.