वंशावळीत आजी कुठाय?

लेकाच्या इतिहासाच्या वर्गाला यंदा प्रकल्प आहे: घराण्याचा माग काढा, तोही ग्रंथालयात बसून. आमचं फोर्ट वेन तसं आडगावच, पण इथल्या अ‍ॅलन काउंटी ग्रंथालयाचा वंशावळ विभाग अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. तोही फुकट, कुणालाही खुला.

शेजारच्या टेबलावरच्या मुलाने 1940 च्या जनगणनेतलं त्याच्या पणजोबांचं पान उघडलं आणि मी अक्षरशः खुर्ची सरकवून बघत बसले. घरभाडं किती, शिक्षण कितवीपर्यंत, पाच वर्षांपूर्वी राहायला कुठे, वर्षाची कमाई किती, सगळं हाताने लिहिलेलं. पणजीच्या नावापुढे गोलात फुली. ही खूण माहिती सांगणाऱ्याची. म्हणजे दारात आलेल्या माणसाशी तीच बोलली होती! 72 वर्षं झाली की ही पानं सगळ्यांना खुली होतात. 1950 ची 2022 मध्ये झाली. आपल्याकडे 1948 च्या कायद्याने जनगणनेतली घरोघरची माहिती कुणाला बघताच येत नाही.

ग्रंथपालबाईंनी सहज विचारलं, "तुमच्याकडे काय असतं?" झालं, माझा अभिमान जागा झाला. कुलवृत्तांत, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या, सगळं सांगून टाकलं. बाई शांतपणे म्हणाल्या, हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्म अमेरिकेतल्याच यूटा राज्यातल्या वंशावळ संस्थेने केव्हाच काढून ठेवलीय. घ्या!

पण इथल्या कागदांचंही काही सोनं झालेलं नाही. लेकाची एक मैत्रीण, कृष्णवर्णीय, 1870 च्या जनगणनेपाशी अडकली. त्याआधीच्या 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या यादीत मालकाचं नाव, खाली नुसतं वय, लिंग आणि रंग. तिच्या माणसांना नावच नाही. त्या दिवशी कुलवृत्तांताची बढाई मारायची माझी हिंमत झाली नाही. नाहीतरी ते ठराविक घराण्यांचेच छापलेत, आमचा नाहीच.

आमची वंशावळ निघाली ती जात पडताळणीमुळे, भाच्याच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी. चुलत्यांनी तहसीलच्या रेकॉर्ड रूमला खेटे घातले, गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, शोधला, मोडी वाचणारा माणूस गाठला. त्या कष्टांपुढे इथलं माउस फिरवणं म्हणजे पोरखेळ, असं मी लेकाला ऐकवलंसुद्धा. चुलत्यांनी स्टॅम्प पेपरचा फोटो पाठवला. खापरपणजोबांपासून सगळे पुरुष ओळीने हजर.

लेकाच्या शिक्षिकेने तो पाहिला आणि एकच प्रश्न लिहून पाठवला: आज्या कुठे आहेत?

मग साताऱ्याला फोन. आईचं माहेरचं नाव सासरी बदललेलं, तिच्या आईचं तर तिलाही नीट आठवेना. लेक वर्ष विचारत राहिला, तर आई म्हणाली, "वर्ष नको विचारू, बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी का नंतर ते विचार." शिक्षिकेच्या मते तोंडी माहिती चालेल, पण सोबत एखादा कागद हवा. चुलत्यांना पुन्हा तहसीलला पाठवायचं म्हणतेय, या खेपेला आईच्या माहेरच्या. ते काय म्हणतील याचा अंदाज आहे, म्हणून फोन अजून लावलेला नाही.