वाटी, अज्जी आणि आमची बया

आज दिवसभर भावाच्या अकरा महिन्यांच्या लेकीला सांभाळायची पाळी आत्याबाईंवर. वहिनीनं खेळण्यांची टोपली पुढ्यात ठेवली होती, पण बयेला हवी होती स्टीलची वाटी. ती फरशीवर आपटायची, माझ्याकडे बघायचं, मी ‘अगं बाई!’ म्हटलं की खुदकन हसून परत आपटायची. तासभर हेच. (माझे कान किटले, तिचे नाही.) पण तिनं काही करायचं आणि आपण दाद द्यायची, या देवाणघेवाणीतूनच या वयात मेंदूची जडणघडण होते. मोबाइलमधलं गाणं कितीही रंगीत असू दे, ते हिच्याकडे बघून हसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगून ठेवलंय, वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच.

दुपारी शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘तुम्ही मराठी, समोरच्या अज्जी कन्नड, पोरगी गोंधळंल की गं!’’ छे! आम्ही सगळे बेळगावच्या वडगावात असेच वाढलो. अज्जींनी ‘बा, बा’ (ये, ये) म्हणून हात पसरले की ही माझ्या कडेवरून झेप घेते. दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही, हे अभ्यासातूनही दिसलंय. शब्द मोजायचेच तर दोन्हीकडचे मिळून मोजायचे. मात्र वर्ष उलटून गेलं तरी बाळ हाकेला वळत नसेल, तर ‘बाप पण उशिराच बोलला होता’ म्हणत बसू नका. आधी डॉक्टरांकडून कान तपासून घ्या.